शेऱ्याचा रकाना

मु. मोहटोला, पो. दिघोरी (मोठी),
ता. लाखांदूर, जि. भंडारा
१२ जून २००७

चि. भुपेंद्र यास,

आधी मामाचा वाकून नमस्कार, मग आशीर्वाद. दिल्लीला राहून विसरला असशील म्हणून सांगतो, आपल्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. तू पाच वर्षांचा होतास तेव्हापासून मी पडत आलो आहे, आणि तेव्हापासून तू पाय मागे ओढत आला आहेस. पत्रात तुला पाय ओढता येत नाहीत, एवढं बरं आहे.

माझ्या पावसाच्या वहीवर सिनेमा काढायचा म्हणतोस. तुझ्या मामीला पत्र वाचून दाखवलं तर ती इतकी हसली की चुलीवरचा भात लागला. म्हणाली, "तुमच्या वहीत पाहासारखं काय हाय? तारीख, पानी, तारीख, पानी. लोक बसल्याजागी झोपतीन." मग म्हणाली, "भुपेनले सांगा, मामीले सिनेमात घेजो, पण लुगडं नवं आनल्यावर."

वहीची गोष्ट तुला ठाऊक आहे, आई गेल्यावर तू सातवीपर्यंत इथेच होतास आणि त्याच वहीवर आकडे वाचायला शिकलास. पण तुझ्या दिल्लीच्या लोकांना सांगता यावी म्हणून पुन्हा लिहितो. १९८३ साली सरकारी माणसांनी आपल्या तलावाच्या पाळीच्या टोकाला पर्जन्यमापक बसवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. रोज सकाळी साडेआठला जायचं, बाटलीतलं पाणी मापायचं, वहीत लिहायचं. सोळा वर्षं मी दर महिन्याला तक्ता पाठवला. मग जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, आणि त्याच पावसाळ्यात आतली बाटली तडकली. नवी मागितली तर इकडचे म्हणत तुमचे कागद तिकडे गेले, तिकडचे म्हणत इकडेच आहेत. शेवटी पवनीच्या बाजारातून मीच एक बाटली आणून बसवली. ती शंभर मिलिमीटरला गळ्यापर्यंत भरते. त्यावरचा पाऊस वाहून जातो, कारण खालचा डबा गंजून कधीचाच गळका झाला आहे. आणि जे मापलं नाही ते लिहायचं नाही, हा माझा स्वभाव. म्हणून अशा दिवशी आकड्याच्या रकान्यात मी १०० लिहितो आणि शेजारी शेऱ्याच्या रकान्यात लिहितो, 'भरून वाहिली'.

आता बघ. जुन्या मोठ्या बाटलीच्या सोळा वर्षांत शंभराच्या वर पाऊस दोनदाच गेला. नव्या बाटलीच्या आठ वर्षांत 'भरून वाहिली' हा शेरा मी अकरा वेळा लिहिला आहे. म्हणूनच मी तीन वर्षं ग्रामसभेत ओरडतो आहे की सांडवा रुंद करा. तलाव भरल्यावर जादा पाणी निघायला ती एवढीशी वाट, आजोबांच्या वेळची. एका दिवसात जास्त आलं तर पाणी पाळीवरून चढेल आणि पाळ फुटेल. रुंद करायला खालच्या चार घरांच्या धानाच्या बांधीतली पट्टी लागते. त्यातला केशवराव आत्ता कुठे मान हलवायला लागला आहे.

रोवणी जवळ आली. मामी बायकांना पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या मोजून देते. तिला लिहिता येत नाही, म्हणून शेकडा झाला की पदराला एक गाठ. तिच्या गाठी आणि माझी वही यांत फरक पडला तर आजवर दरवेळी वहीच चुकलेली निघाली आहे.

ये. आम्हाला दुसरं आहे कोण?

तुझा मामा,
टिकाराम


दिल्ली
३ जुलै २००७

प्रिय मामा आणि मामी,

सा. न. (मी पाय ओढलेले नाहीत, याची नोंद घ्यावी.)

मामा, अकरा वर्षं मी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ काढले. हार घातला, फोकस केला. नवरी रडली, फोकस केला. आता पहिल्यांदा कुणीतरी मला माझा म्हणून सिनेमा करायला देत आहे. विषय सांगतो. सगळं जग ओरडून राहिलं आहे की माणसाच्या धुरामुळे पृथ्वी तापली, पाऊस बिघडला. आमचा सिनेमा विचारतो की हे खरं कशावरून? ऊन-पावसाचे फेरे सूर्याच्या मर्जीने आधीही होत होते. माणसाचा त्यात हात नाही. आणि खरं दुखणं असं की श्रीमंत देश स्वतः शंभर वर्षं धूर काढून झाल्यावर आता आपल्याला म्हणतात, तुम्ही बंद करा. मोहटोल्यात अजून बारा तास वीज नसते, मामा. तुम्ही कोणता धूर बंद करायचा? मामीच्या चुलीचा?

हे मला मनापासून पटलं आहे. पण शहरातले लोक शास्त्रज्ञाशी शास्त्रज्ञ भांडवतात आणि प्रेक्षक उठून जातो. मला असा माणूस हवा जो चोवीस वर्षं रोज सकाळी पाऊस मापतो आणि ज्याला कुणी काही देत नाही. निर्मात्यांना तुमच्याबद्दल सांगितलं तर ते खुर्चीतून उठले.

ऑगस्टमध्ये येतो. मामीसाठी लुगडं घेतलं आहे, मोरपंखी.

तुमचा भाचा,
भुपेंद्र


मोहटोला
२५ सप्टेंबर २००७

चि. भुपेंद्र यास मामाचा नमस्कार आणि आशीर्वाद.

तुम्ही गेल्यापासून गावाला दुसरा विषय नाही. डोमा सगळ्यांना सांगतो की कॅमेरा त्याच्या म्हशीकडे जास्त वेळ होता. मामीने मोरपंखी लुगडं घडी घालून ठेवलं आहे, म्हणते दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला नेसीन.

एक गोष्ट मनात राहून गेली, ती लिहून टाकतो. पाळीवर मी वही उघडली तेव्हा तू शेजारी बसलास आणि शेऱ्याच्या रकान्यावर तळहात ठेवलास. म्हणालास, "मामा, ऊन चमकते कागदावर, फक्त आकडे वाचा." भाच्याचा शब्द, मी वाचले. शंभर, शंभर, ब्याण्णव, शंभर. मग तू विचारलंस, "जिल्हा फुटल्यापासून शंभराच्या वर एकदाही गेला काय?" मी म्हटलं, "वहीत नाही." मी पुढे बोलणार होतो, पण तुझा माणूस 'कट' म्हणाला.

तो शेरा नंतर घेतलास ना? तुम्ही पाळीचे, पाखरांचे बरेच फोटो घेत होता, त्यात घेतला असशील असं मामीला सांगितलं आहे. ती विचारत होती.

माणसाने केलं की सूर्याने, हे मला सांगता येणार नाही, भाचा. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. मला बाटली भरून वाहिली एवढं सांगता येतं.

तुझा मामा,
टिकाराम


दिल्ली
३० ऑक्टोबर २००७

प्रिय मामा, मामी,

सिनेमा तयार झाला! नाव ठेवलं आहे 'पाऊस जुनाच आहे'. तुम्ही पडद्यावर वही उघडता तेव्हा दिल्लीच्या त्या थंडगार खोलीत बसलेली माणसं पुढे सरकून बसतात. एक बाई रडली.

शेऱ्याचं म्हणाल तर मामा, सिनेमाला स्वतःची एक चाल असते. बाटली कोणती, डबा कसा गंजला, हे सांगत बसलो तर धागा तुटतो. आकडे बोलतात तेवढे पुरे. तुम्ही खोटं एक अक्षर बोललेला नाहीत, काळजी करू नका.

यंदा मंडईला मी येतो आणि गावाला सिनेमा दाखवतो. दिवसाच दाखवू, रात्रीच्या दंडारीच्या खेळाआधी. शाळेची मोठी खोली मागून ठेवा, खिडक्यांना पोती लावू. जनरेटर मी आणतो.

मामी, लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसायचं.

तुमचा,
भुपेंद्र


मोहटोला
५ डिसेंबर २००७

चि. भुपेंद्र यास मामाचा नमस्कार आणि आशीर्वाद.

पंधरा दिवस हे पत्र मनात लिहितो आहे. आज मामी म्हणाली, "लिहा, नाईतर मी शेजारच्या मंदाबाईच्या पोरीकडून लिहून घेतो." तेव्हा लिहायला बसलो.

मंडईच्या दिवशी तुला पाटावर बसवून आम्ही दोघांनी तुझे पाय धुतले, टिळा लावला, तेव्हा मला वाटलं की तुझ्या आईने हे बघायला हवं होतं. मग शाळेत सिनेमा सुरू झाला. पडद्यावर मी आलो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाचत होतो, शंभर, शंभर. मग तुझा आवाज आला की जुन्या काळी इथे एकशे बेचाळीस मिलिमीटर पाऊस एका दिवसात पडल्याची नोंद आहे, पण गेल्या आठ वर्षांत तो शंभराच्या वर एकदाही गेलेला नाही, पाऊस बिघडलेला नाही, उलट शांत झाला आहे.

मामीने माझा हात धरला. म्हणाली, "उठा ना, सांगा ना, बाटली लहान हाय मनून!" मी उठू शकलो नाही. तू समोर खुर्चीवर बसला होतास, गळ्यात शेला, कपाळावर मी लावलेला टिळा. ज्याचे पाय सकाळी धुतले त्याला दुपारी चार गावांसमोर खोटं कसं पाडू? आपल्या घराण्यात हे कुणी केलेलं नाही. मी बसून राहिलो आणि टाळ्या वाजल्या.

आठ दिवसांनी ग्रामसभा झाली. सांडव्याचा विषय निघाल्याबरोबर केशवराव उठला. "टिकारामभाऊ, तुमीच त सांगतलं पडद्यावर, शंभराच्या वर जात नाई मनून. मंग माही बांधी कायले खोदता?" मी शेऱ्याचं सांगायला लागलो तर सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "सिनेमात एक, अन् सभेत एक?" बाकीच्या तिघांनीही पट्टी द्यायला नकार दिला. सांडवा रद्द झाला.

माझं कुणी ऐकणार नाही आता. तुझं ऐकतील. मला एक कागद लिहून दे, ग्रामसभेच्या नावाने. सिनेमात शेऱ्याचा रकाना वगळला होता, बाटली शंभरालाच भरते, एवढंच लिही आणि खाली सही कर. पावसाळ्याच्या आत खोदकाम व्हायचं तर कागद संक्रांतीपर्यंत पाहिजे. आजपर्यंत तू मागितलंस आणि मी दिलं. हे मी मागतो आहे.

तुझा मामा,
टिकाराम


दिल्ली
२२ जानेवारी २००८

प्रिय मामा,

उशीर झाला, माफ करा. सिनेमा तीन ठिकाणी निवडला गेला आहे, त्यातलं एक परदेशात. टीव्हीवाल्यांशीही बोलणं चालू आहे.

कागदाचं मी खूप विचार करून लिहितो आहे. मामा, अशा विषयावर सिनेमा केला की दहा माणसं दात धरून बसलेली असतात. माझ्या सहीचा असा एक कागद बाहेर गेला तर उद्या तो वर्तमानपत्रात येईल, आणि पुन्हा मी लग्नाच्या मांडवात. तो ग्रामसभेतच राहील याची खात्री कोण देणार?

एक वर्ष थांबा. दिवाळीपर्यंत सगळं निवळेल, मग मी स्वतः येऊन केशवरावला समजावतो. मी लहान असल्यापासून तो तलाव बघतो आहे. इतकी वर्षं उभा आहे, याच वर्षी थोडाच फुटणार आहे?

रागावू नका.

तुमचा,
भुपेंद्र


मोहटोला
१६ जून २००८

चि. भुपेंद्र यास मामाचा नमस्कार.

कागद आला नाही, पत्रही नाही. असो.

मामी कामाला लागली आहे. तिने मंदाबाईकडून एक तशीच बाटली मिळवली. म्हणते, "एक भरली का काहाडाची, दुसरी लावाची. भरली का एक गाठ. कितीकबी पडो, मी मोजतो. मंग पाहातो कोन हासते तं." मी म्हटलं, "अगं, मुसळधार पावसात पाळीवर बसून राहशील काय?" तर म्हणाली, "रोवनीत कंबरभर चिखलात उभी राहातो तवा नाई विचारत!"

तिचं म्हणणं असं की वहीत एकदा जरी दोनशेचा आकडा पडला, खरोखर मापलेला, तर केशवराव ऐकेल. तिला तुझा राग नाही. ती म्हणते, भुपेन मोठा माणूस झाला, त्याला तिकडच्या अडचणी असतील.

टिकाराम


मोहटोला
४ सप्टेंबर २००८

चि. भुपेंद्र,

तुझी मामी १९ ऑगस्टला गेली.

आदल्या संध्याकाळपासून पाऊस होता. सकाळी सांडव्याच्या तोंडाशी पाणी मावेना, आम्ही पंधरा-वीस माणसं तिथे मुरमाची पोती टाकत होतो. ती पाळीच्या दुसऱ्या टोकाला होती, पर्जन्यमापकाजवळ, छत्री घेऊन. डोमाने दोनदा ओरडून सांगितलं, "काकू, निंगा तिथून!" तिने हात वर केला, म्हणजे थोडं थांबा. दहाच्या सुमारास पाणी तिकडूनच पाळीवर चढलं. पाळ फुटली तेव्हा मी तिला बघत होतो. छत्री दिसली, मग छत्री दिसली नाही.

संध्याकाळी ती केशवरावच्या बांधीत सापडली. मोरपंखी लुगडंच होतं अंगावर. मंडईला तुझ्यासाठी नेसली तेव्हापासून ती ते नेहमीच नेसायची.

३१ तारखेला तेरवी केली. आपल्या घरी भाचा जेवल्याशिवाय गेलेल्या माणसाचं पोट भरत नाही. तुला माहीत आहे, तुझ्या आईच्या वेळी तुमच्या घरचा भाचा येईपर्यंत सगळे ताटकळत बसले होते. डोमाने दिघोरीहून तुझ्या दिल्लीच्या ऑफिसात फोन केला, दहनाच्या दिवशी आणि पुन्हा तेरवीच्या आधी. तिथल्या मुलीने दोन्ही वेळा सांगितलं की तू परदेशी आहेस. तरी तुझं पान मांडलं. चार वाजेपर्यंत वाट पाहिली. मग बायका म्हणाल्या, पोरं उपाशी आहेत. तेव्हा तुझं पान उचलून गाईला घातलं.

दोष तुला देत नाही. शंभर मी लिहिलं होतं. मी अंदाजाने दीडशे लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? मंडईत मी उठून उभा राहिलो असतो तर? ती हात धरून उठवत होती मला.

घरात फार शांत आहे.

टिकाराम


दिल्ली
९ ऑक्टोबर २००८

मामा,

हे पत्र सहा वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

मी परदेशी नव्हतो. डोमाचा फोन आला तेव्हा मी त्या मुलीच्या शेजारच्या खुर्चीवर होतो. ती फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली, म्हणाली, तुमच्या गावचा आहे, मामी गेली म्हणतो, तलाव फुटला. आणि मी मानेने 'नाही' म्हटलं. दुसऱ्यांदाही तसंच. तलाव फुटला हे ऐकल्याबरोबर मला सगळं कळलं होतं. तुमच्यासमोर येऊन उभा राहायची माझी हिंमत झाली नाही. ३१ तारखेला दिवसभर मी खोलीत बसून होतो. चार वाजता तुम्ही पान उचललंत, तेव्हाही मी इथेच होतो, मामा. मला येता आलं असतं.

आणि त्या दिवशी कागदावर ऊन चमकत नव्हतं. ढग होते. मी मुद्दाम हात ठेवला. आदल्या दिवशी तुम्ही तलावाकडे गेलात तेव्हा मी वही चाळली होती. अकरा शेरे मी मोजले होते. 'भरून वाहिली' म्हणजे काय, हे तुम्हीच मला पत्रात लिहून सांगितलं होतं. ते अकरा शेरे पडद्यावर आले असते तर माझ्या सिनेमात काही उरलं नसतं. सिनेमात मी मोठ्या आवाजात म्हटलं की पावसात माणसाचा हात नाही. जगाचं मला आता काही सांगता येत नाही. त्या पानावर हात होता आणि तो माझा होता, एवढं सांगता येतं.

मी निर्मात्यांना सिनेमा मागे घ्या म्हणून लिहिलं. ते म्हणाले, तो तुझा नाही, आमचा आहे. गेल्या आठवड्यात टीव्हीवर लागला. मी बंद केला नाही, कारण एका दृश्यात तुमच्या मागे मामी दिसते. ती पाळीवर उभी आहे, लांब, जुन्या लुगड्यात, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसते. ते दोन सेकंद आहेत.

मला ओरडा. मारा. ये म्हणा किंवा येऊ नको म्हणा. तुम्ही दोष देत नाही म्हणालात, ते मला सहन होत नाही.

भुपेंद्र


मोहटोला
३ नोव्हेंबर २००८

भुपेंद्र,

या पत्राच्या आरंभी नमस्कार नाही. विसरलेलो नाही. मला राग आहे. भाच्यावर रागवायचं नसतं हे साठ वर्षं ऐकलं, पाळलं, पण आता आतून राग येतो आणि मी त्याला अडवत नाही. तू परदेशी असशील या एका गोष्टीवर मी ते दोन महिने काढले होते. तेवढंही तू ठेवलं नाहीस. पण खरं लिहिलंस, तेही वाचलं. खरं लिहिणारा तो मुलगा मला ओळखू आला, आणि मग मी फार रडलो.

यंदा गावात मंडई नाही. ग्रामसभा आहे, २३ तारखेला. केशवराव परवा ओसरीवर येऊन बसला. मग म्हणाला, "टिकारामभाऊ, पट्टी नोको, आता पुरी बांधीच घ्या. मले तिथं धान कापवत नाई." बाकीचे तिघे अजून तयार नाहीत. त्यातला एक म्हणतो, असा पाऊस एखाद्या वेळी येतो, पुन्हा यायचा नाही, सिनेमात सांगितलं आहे.

म्हणून तू ये. सभेत उभा राहून सांग की शेरा तू झाकला होतास. रडू नकोस, माफी मागू नकोस, लोक पाघळतात आणि मुद्दा राहून जातो. नुसतं सांग आणि वही वाच. त्यानंतर घरी ये. जेवायला वाढीन. पाय धुवायला पाणी देईन, तुझे तू धू.

आता वहीचं. १९ ऑगस्टची ओळ मी दोन महिने कोरी ठेवली होती. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. पर्जन्यमापक वाहून गेला, बाटल्या वाहून गेल्या, आणि जे मापलं नाही ते मी लिहीत नाही. लोक विचारत, किती पडला असेल? मी म्हणे, ठाऊक नाही.

काल मंदाबाई आली. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिनेच त्या दिवशी दोघी-तिघींबरोबर तुझ्या मामीला, माझ्या उषाला, न्हाऊ घातलं होतं. म्हणाली, "भाऊ, तवा देवाची हिंमत नाई झाली. लुगडं तं संगंच गेलं, पन एवढा पदर कापून ठेवला. गाठी सोडवाले हात लागेना." मोरपंखी पदराचा वीतभर तुकडा होता. त्याला तीन गाठी होत्या, पक्क्या, तिच्या हाताच्या, रोवणीत शेकड्याला मारते तशा. मी हात लावून मोजल्या. पुन्हा मोजल्या. डोमाला बोलावून विचारलं की काकूने हात वर केला तेव्हा ती काय करत होती. तो म्हणाला, मापकावर वाकून बाटलीत बघत होती, अजून भरायची असेल.

तिच्या गाठी आणि माझी वही यांत फरक पडला तेव्हा दरवेळी वहीच चुकलेली निघाली, गाठ कधी चुकली नाही. आज सकाळी साडेआठला मी ती ओळ भरली. सभेत तुला हीच वाचायची आहे. आधी शेरा वाच, मग आकडा.

दि. १९ ऑगस्ट २००८.
मिलिमीटर : ३००.
शेरा : उषाने मापले. चौथी भरत होती.

टिकाराम